शुगर कळली, गोळ्या मिळाल्या. पुढचं कोण शिकवणार?

मधुमेहाच्या तपासणीच्या दिवशी आरोग्य केंद्रात रांग लागते. बोट टोचलं जातं, कार्डावर आकडा पडतो, पिशवीत गोळ्या येतात आणि माणूस घरी जातो. गोळी जेवणाआधी की नंतर, इन्सुलिनची बाटली कुठं ठेवायची, रात्री दरदरून घाम फुटला तर काय करायचं, हे कुणी नीट समजावलेलं नसतं. महिन्याभरानं तोच माणूस तीच शुगर घेऊन परत येतो, आणि डॉक्टर डोस वाढवतात. औषध कमी पडलं म्हणून हे घडतंच असं नाही. पुष्कळदा औषध पोटात किंवा कातडीखाली नीट पोचलेलंच नसतं. ते पोचवणं हे मधुमेह-शिक्षकाचं काम आहे. गावपातळीवर ते कसं करायचं, याचा हा लेख.

हे काम कुणाच्या वाट्याला येतं

खासगी रुग्णालयात ‘डायबेटिस एज्युकेटर’ अशी पाटी लावून बसलेलं माणूस असतं. सरकारी व्यवस्थेत हे काम वाटून गेलेलं आहे. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला तेव्हापासून जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या एनसीडी (असंसर्गजन्य आजारांच्या) क्लिनिकमध्ये समुपदेशक असतात. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली, तिथं समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, आले. २०२३ मध्ये या केंद्रांचं नाव आयुष्मान आरोग्य मंदिर झालं. घरोघरी पोचतात त्या आशाताई. पाटी कुणाच्याही नावाची असो, शिकवण्याची जबाबदारी एका ठरलेल्या माणसाकडे हवी. ‘सगळेच सांगतात’ अशी व्यवस्था असेल तिथं प्रत्यक्षात कुणीच सांगत नाही.

कामाचा अंदाज आकड्यांनीही घ्या. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, इंडिआब अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ग्रामीण भागातलं प्रमाण ८.९ टक्के आहे. पाच हजार वस्तीच्या उपकेंद्रात तिशीच्या पुढची माणसं साधारण अठराशेच्या घरात धरली, तर मधुमेह असलेले दीडशेच्या वर निघतात. तुमच्या रजिस्टरमध्ये साठच नावं असतील, तर उरलेले गावातच आहेत आणि त्यांना माहीत नाही.

त्यांना शोधायला आशाताईंचा सीबॅक फॉर्म असतो, प्रश्न विचारून जोखमीचे गुण देणारा. चारच्या वर गुण आले की त्या व्यक्तीला तपासणीसाठी आधी बोलवायचं. या फॉर्ममधली एक चूक फार नियमित होते. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की बाई ‘नाही’ म्हणतात, आणि त्या खऱ्याच बोलत असतात, कारण मिसरीला त्या तंबाखू धरतच नाहीत. ‘दात कशानं घासता? दिवसातून किती वेळा मिसरी लावता?’ असं विचारा. कमरेचं मापही साडीच्या निऱ्यांवरून घेऊ नका. निऱ्यांची जाडी धरून दोन-चार सेंटिमीटर सहज वाढतात. बाईंसाठी ८० आणि पुरुषासाठी ९० सेंटिमीटर ही रेषा आहे, म्हणून तेवढ्यानंही फरक पडतो.

बोट टोचण्याआधी हात धुवा

ग्लुकोमीटरचा आकडा चुकीचा असेल तर पुढचं सगळं शिकवणं वाया. आंबा कापलेला हात, गुऱ्हाळावर काम करून आलेला हात, नुकताच पेढा खाल्लेला हात धुतला नाही, तर शंभरची शुगर दोनशेच्या वर दिसू शकते. साबण-पाण्यानं हात धुऊन कोरडा करणं सगळ्यात चांगलं. स्पिरिटचा बोळा वापरलात तर तो पूर्ण वाळू द्या, ओल्या स्पिरिटनं थेंब पातळ होतो. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही. मध्ये जास्त दुखतं, आणि शेतात काम करणाऱ्याची कातडी तिथं घट्ट झालेली असते. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून जरा हलवा, चोळा. बोटाचं टोक जोरात पिळू नका, कारण रक्तासोबत ऊतींमधलं पाणी येतं आणि आकडा घसरतो.

पट्ट्यांच्या बाटलीचं झाकण काढलं की पट्टी घ्या आणि लगेच लावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, उघड्या बाटलीतल्या पट्ट्या हवेतल्या दमटपणानं खराब होतात. बाटली उघडल्याची तारीख झाकणावर पेननं लिहा आणि उघडल्यावर किती दिवस चालते ते वेष्टणावर पाहा. शिबिराला जाताना पट्ट्या उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. रक्त फार कमी असलेल्या बाईच्या बाबतीत ग्लुकोमीटर जरा जास्त आकडा दाखवतो, तिची खात्री प्रयोगशाळेत करून घ्या.

अधल्यामधल्या वेळेची शुगर १४० किंवा त्याहून जास्त आली की पुढच्या तपासणीला पाठवायचं, ‘तुम्हाला डायबेटिस आहे’ असं सांगायचं नाही. निदानासाठी उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त, असे निकष आहेत. लक्षणं नसतील तर ते दुसऱ्या तपासणीनं पक्कं करतात. नंदुरबार, गडचिरोली, पूर्व विदर्भ अशा सिकलसेल असलेल्या पट्ट्यात एचबीएवनसीवर विसंबू नका. त्या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे अहवाल खोटा कमी येतो. उलट लोहाच्या कमतरतेत तो जास्त येऊ शकतो. तिथं उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगरच धरा.

पहिल्या भेटीत किती सांगायचं

फार थोडं. ज्याला आत्ताच कळलंय, त्याच्या डोक्यात ‘माझा पाय कापणार का’ एवढंच चाललेलं असतं. आहार, व्यायाम, डोळे, किडनी, पाय हे सगळं एका दमात ऐकवलं तर उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत सगळं विसरलेलं असतं. पहिल्या दिवशी तीनच गोष्टी पुरे: हा आजार आटोक्यात ठेवता येतो, ही गोळी अशी घ्यायची, अमुक तारखेला परत यायचं. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर घ्यायची, सुरुवातीचे काही दिवस मळमळ किंवा पातळ शौचाला होऊ शकतं आणि बहुतेकांचं ते आपोआप थांबतं, हे आधीच सांगा. नाहीतर चौथ्या दिवशी गोळ्या फडताळात जातात आणि कुणाला पत्ता लागत नाही.

‘समजलं का?’ हा प्रश्न विचारू नका, त्याला एकच उत्तर येतं. त्याऐवजी म्हणा, ‘आजी, घरी गेल्यावर सूनबाईंना कसं सांगाल, ते मला सांगा बघू.’ आजी सांगायला लागल्या की कुठं गळालंय ते तिथल्या तिथं दिसतं. त्यांनी चुकीचं सांगितलं तर आपलं समजावणं अपुरं पडलं असं धरा आणि वेगळ्या शब्दांत परत सांगा. शक्य असेल तर स्वयंपाक करणाऱ्या माणसालाही सोबत बोलवा. पथ्य रुग्णाचं असलं तरी मीठ, तेल, साखर दुसऱ्याच्या हातात असते.

ताटाचा हिशेब

छापील आहारतक्ता देऊ नका. त्यातले ‘ओट्स’ गावात मिळत नाहीत आणि ‘दोन भाकरी’ म्हणजे केवढ्या, हे त्यात नसतं. आहारतज्ज्ञ एक पोळी मोजतात तेव्हा साधारण ३० ग्रॅम पीठ धरतात. घरातली ज्वारीची भाकरी याच्या दुप्पट-तिप्पट पिठाची असते. ‘ज्वारीच खातोय, तरी शुगर वाढते’ या तक्रारीचं मूळ इथं असतं. वजनकाटा असेल तर एकदा पीठ मोजून दाखवा. नसेल तर भाकरीचा आकार तळहाताशी लावून ठरवा.

आदल्या दिवसापासून सुरुवात करा: ‘काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात काय काय गेलं?’ चहा मोजा. पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला दहा चमचे, जवळपास ५० ग्रॅम. चहा सोडा म्हणू नका, आधी चमचे कमी करा. साखरेऐवजी गूळ किंवा मध घातल्यानं शुगर वाढायची थांबत नाही, हे स्पष्ट सांगा. नाचणीची भाकरी चालते. पण नाचणी सत्त्व पातळ शिजवून प्यायल्यावर शुगर झपाट्यानं चढते, आणि ‘नाचणी चांगली’ म्हणून लोक दिवसातून दोनदा तेच पितात. कारल्याचा रस प्यायला हरकत नाही, पण त्यासाठी गोळी सोडायची नाही.

ताट अर्धं भाजी-कोशिंबिरीनं भरा, पाव भागात भाकरी किंवा भात, पाव भागात डाळ, उसळ, अंडी, मासे. भात बंद करायला सांगितलं की कोकणातला माणूस परत येत नाही. वाटी ठरवून द्या आणि भाताआधी भाजी-डाळ खायला सांगा. एका भेटीत एकच बदल. चेन्नईच्या इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. त्यात उंबरठ्यावरच्या लोकांना आहार आणि चालण्याचा नियमित सल्ला मिळाला तेव्हा तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. त्या लोकांशी संपर्क पुन्हा पुन्हा ठेवला होता, ही त्यातली शिकण्यासारखी गोष्ट.

इन्सुलिन: इथं जास्त वेळ द्या

सगळ्यात महागात पडणाऱ्या चुका इथं होतात, म्हणून बाकीचं आवरतं घेऊन इन्सुलिनसाठी अर्धा तास काढा.

पहिली चूक सिरिंजची. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा यू-४० असतं, म्हणजे एका मिलीमध्ये ४० युनिट. त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनमधलं इन्सुलिन यू-१०० असतं, आणि यू-१०० सिरिंजची टोपी नारिंगी. डॉक्टरांनी २० युनिट लिहिले आणि यू-४० कुपीतून नारिंगी टोपीच्या सिरिंजनं २० च्या रेषेपर्यंत ओढलं, तर जाईल ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट. शुगर वाढलेलीच राहील, डॉक्टर डोस वाढवतील, आणि एक दिवस दुकानदारानं बरोबर सिरिंज दिली की माणूस बेशुद्ध पडेल. उलटी चूक तर त्याच दिवशी जिवावर बेतते: यू-१०० इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत घेतलं की ५० युनिट जातात. म्हणून रुग्णाला घरची कुपी आणि घरचीच सिरिंज घेऊन बोलवा, आणि दोन्हींवरचा ‘४०’ त्याच्या बोटानं दाखवून घ्या. वाचता येत नसेल तर ‘लाल टोपी’ एवढं पाठ करून घ्या.

दुसरी चूक हलवण्याची. सरकारी पुरवठ्यात पुष्कळदा ३०/७० मिश्रण येतं, म्हणजे लवकर आणि हळू लागू पडणारं इन्सुलिन एकत्र, ते दुधाळ असतं. कुपी उभी ठेवली की पांढरा भाग तळाशी बसतो. ती दोन्ही तळहातांमध्ये धरून हलकेच दहा-वीस वेळा फिरवायची. औषधाच्या बाटलीसारखी खळखळ हलवली तर फेस होतो आणि बुडबुड्यांमुळे माप चुकतं.

तिसरी चूक जागेची. बेंबीपासून दोन बोटं सोडून पोटावर टोचायचं आणि रोज जागा थोडी सरकवायची. एकाच जागी टोचलं की तिथं कातडीखाली चरबीची गाठ होते. तिथं दुखत नाही म्हणून रुग्णाला तीच जागा आवडते, आणि गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषलं जातं. शुगर कारणाशिवाय वर-खाली होत असेल तर आकड्यांवर चर्चा करण्याआधी पोटावर हात फिरवा. गाठ डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. गाठ सोडून टोचायला लावताना डॉक्टरांना कळवा, कारण नव्या जागी तेवढाच डोस जास्त लागू पडू शकतो.

टोचण्याची पद्धत तोंडी सांगू नका, करून घ्या. डोसाइतकी हवा ओढायची, ती कुपीत सोडायची, कुपी उलटी धरून इन्सुलिन ओढायचं, बुडबुडे टिचकीनं वर आणून काढायचे, कातडीची चिमूट धरून टोचायचं, दट्ट्या पूर्ण दाबून दहापर्यंत मोजायचं, मग सुई काढायची. ३०/७० घेतल्यावर अर्ध्या तासात जेवण समोर हवं. इन्सुलिन टोचल्यावर पाणी आणायला विहिरीवर जायचं नाही.

साठवण. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या दारात. बर्फाच्या कप्प्यात गोठलेली कुपी फेकायची, वितळून वापरायची नाही. वापरातली कुपी सावलीत, थंड जागी चार आठवडे. फ्रीज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, कुपी प्लास्टिकच्या डबीत घालून आत, वर ओलं फडकं. मराठवाडा-विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या घरात याला पर्याय नाही. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमवून केंद्रात आणायच्या.

आता एक साधी आकडेमोड, जी प्रत्येक भेटीत करा. यू-४० ची १० मिलीची कुपी म्हणजे ४०० युनिट. सकाळी २० आणि संध्याकाळी १० घेणाऱ्याला ती तेरा दिवस पुरते. ‘रोज न चुकता घेतो’ म्हणणाऱ्याची कुपी महिनाभर चालली असेल, तर अर्ध्याहून जास्त इन्सुलिन गेलेलंच नाही. त्याला खोटं पाडू नका. ‘कुठली वेळ चुकते?’ असं विचारा. बहुतेकदा संध्याकाळची चुकते, कारण शेतावरून यायला उशीर होतो. तेवढं कळलं तरी डॉक्टरांना वेळ बदलून देता येते.

शुगर खाली गेली तर

सत्तरच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, भूक, डोळ्यांपुढं अंधारी. म्हाताऱ्या माणसात फक्त चिडचिड किंवा बरळणं दिसतं आणि घरचे त्याला झोपवून ठेवतात. तीन सपाट चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायला द्या, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. अजून कमीच असेल तर परत तेवढीच. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. बरं वाटल्यावर थोडं जेवण. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांनी शुगर उतरली असेल तर ती काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून सावध झाला तरी दवाखान्यात न्यायचं.

उलट्या-जुलाब चालू असताना जेवण नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. मेटफॉर्मिन मात्र पोट ठीक होईपर्यंत थांबवावी लागते. दोन्हीसाठी त्याच दिवशी केंद्राला फोन, हा नियम कार्डावरच लिहून द्या.

एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार यांआधीच विचारून घ्या की उपवास कसा करणार. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर उतरण्याची भीती कमी. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर डॉक्टरांकडून डोस ठरवल्याशिवाय नको. आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, उपवासाच्या संध्याकाळी तीनशे दिसते ती त्याचीच. शेंगदाण्याची आमटी, ताक, काकडीची कोशिंबीर, थोडी भगर असं ताट सुचवा. रमजानचं बोलणं दीड-दोन महिने आधी काढा. बोट टोचल्यानं रोजा मोडत नाही असं बहुतेक उलेमा मानतात, आणि सत्तरच्या खाली गेल्यावर रोजा सोडायचा, हे दोन्ही स्पष्ट सांगा.

पाय

वर्षातून एकदा तरी चप्पल, मोजे काढून पाय पाहा, आधी जखम झाली असेल तर दर भेटीला. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे स्पर्श कळतो का ते पाहायचा नायलॉनचा धागा, आधी हाताला लावून दाखवा, म्हणजे काय जाणवायचं ते कळतं. मग डोळे मिटायला सांगून तळव्यावर टेकवा, तो वाकेपर्यंत दाबा, उचला. घट्टे असलेली जागा टाळा. ‘आता लागतंय का?’ असं विचारलं की माणूस अंदाजानं हो म्हणतो. ‘लागेल तेव्हा हो म्हणा’ एवढंच सांगा. मोनोफिलामेंट नसेल तर दोन्ही पायांच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोटाच्या टोकाला आपल्या तर्जनीनं एक-दोन सेकंद हलकासा स्पर्श करा. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही तर बधिरपणा धरा.

अशा माणसाला काय सांगायचं? अंघोळीचं पाणी पायानं पाहू नका, कोपरानं पाहा. थंडीत चुलीपुढं पाय शेकू नका. चप्पल घालण्याआधी उलटी करून झटका. घट्टे ब्लेडनं कापू नका. एमसीआर (मऊ रबराच्या) तळव्याची, मागं पट्टा असलेली चप्पल घ्या. वारीला जाणाऱ्यांना जाऊ नका म्हणून उपयोग नाही, ते जाणारच. पायात पादत्राण, रोज मुक्कामाला तळवे पाहायचे किंवा सोबतच्याला दाखवायचे, आणि फोड आला की त्या दिवशीच वारीच्या वाटेवरच्या वैद्यकीय पथकाकडे.

डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीचा त्रास दाखवणारं प्रथिन) वर्षातून एकदा तपासा, रक्तदाब दर भेटीला. दोन आठवड्यांवरचा खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम यांची विचारणाही दर भेटीला, कारण मधुमेहात क्षयरोगाची जोखीम वाढते.

गरोदर बाई

७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, पाच ते दहा मिनिटांत पिऊन दोन तासांनी तपासणी. १४० किंवा जास्त म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत, आणि तेव्हा नसेल तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत करायची. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी करायची तपासणी जवळजवळ नेहमी सुटते. ती बाळाच्या दीड महिन्याच्या लसीला जोडा: लसीकरणाच्या कार्डावर पेन्सिलनं ‘आईची शुगर’ लिहा, आणि येताना उपाशी यायला सांगा.

न आलेल्यांची यादी

दर महिन्याच्या शेवटी रजिस्टर उघडून कोण आलं नाही ते काढा. किती शिबिरं घेतली, किती पत्रकं वाटली, यापेक्षा हा कागद महत्त्वाचा आहे. नावापुढं कारण लिहा: मजुरी बुडते, गोळ्या संपल्या होत्या, बरं वाटलं म्हणून सोडलं, गावात नाही. कारण कळलं की उपाय वेगळा होतो. मजुरी बुडणाऱ्यासाठी संध्याकाळची वेळ, बरं वाटणाऱ्यासाठी आशाताईंची भेट.

‘गावात नाही’ हे बीडसारख्या जिल्ह्यात ऑक्टोबरनंतर शेकड्यानं दिसतं, कारण माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. त्यांच्यासाठी सप्टेंबरातच यादी करा. शक्य तितक्या महिन्यांच्या गोळ्या, कार्डाची प्रत, कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव, आणि मुकादमाचा नव्हे तर कुटुंबातल्या कुणाचा तरी फोन नंबर घेऊन ठेवा. इन्सुलिनवर असलेल्याला कोपीत (ऊसतोडीच्या जागी राहायच्या झोपडीत) ठेवायची दोन मडकी कशी रचायची ते निघण्याआधी केंद्रातच करून दाखवायला लावा. तोड पहाटे सुरू होते आणि जेवण उशिरा मिळतं. म्हणून सकाळच्या सुईची वेळ आणि डोस डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्या, आणि कमरेला साखरेची पुडी बांधलेली आहे ना, ते गाडी सुटण्याआधी पाहा.